कुठे बसू?

दुबईत मला पहिल्यांदा ‘या, बसा’ कोण म्हणालं असेल, तर एक कॉम्प्युटर.

त्याआधी चार महिने मी नोकरीसाठी त्या शहराचे जिने झिजवत होते. ‘यस मॅडम’ म्हणणारे पुष्कळ भेटले, ‘सीव्ही ठेवून जा’ म्हणणारे त्याहून जास्त. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही. अखेर अल क्वोजमधल्या एका टाइल्स आणि नळांच्या कंपनीत माल पाठवायची कागदपत्रं टाइप करण्याचं काम मिळालं. खाली गोदाम, वर ऑफिस. पहिल्या दिवशी मला एका जुनाट कॉम्प्युटरसमोर नेऊन सोडलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. नाव टाकलं, पासवर्ड टाकला आणि दोन ओळी उमटल्या :

YA BASA
KHURCHI HALTE, JAPUN

खुर्ची खरंच हलत होती. मी पुण्याची असल्यामुळे कुणी आपणहून ‘या, बसा’ म्हटलं की मला आधी संशय येतो. मी मागे वळून बघितलं. पँट्रीच्या दारात चहाचा कप धरून एक उंच, किडकिडीत, पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ उभे होते आणि पहिल्यांदा केलेली भाजी कशी झालीय ते विचारायला घाबरणाऱ्या सुनेसारखे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

“वाचलंत?”

“वाचलं.”

“मग बसा की.”

हे आमचे सिस्टीमवाले काका. कऱ्हाडकडचे. ऑफिसातले आम्ही दोन-तीन मराठी लोक त्यांना पाठीमागे स्वागताध्यक्ष म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा मला दाट संशय आहे.

कंपनीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची जबाबदारी त्यांच्या एकट्यावर होती. मुख्य मशीन पँट्रीतल्या फ्रिजशेजारी ठेवलेलं होतं, कारण एसी तिथे सगळ्यात जोरात लागायचा. त्यावर काकांनी लिनक्स चढवलं होतं. हे नाव तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेलंही नव्हतं. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यांनी ते घेतलं होतं, आणि त्याचे गुण विचारले तर एकच सांगायचे : दारावर काय लिहायचं ते त्यात आपल्या हातात असतं. बाकीच्या सिस्टीम्स आल्यागेल्याला स्वतःच्या कंपनीचं नाव वाचून दाखवतात. पाहुण्याला घरात घेताना आपण आधी गवंड्याचं नाव सांगतो का?

दारावर लिहिण्यासाठी त्यांनी स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम तयार केला होता. त्याचं नाव ‘स्वागत’. कुणीही लॉगिन केलं की तो उठायचा, माणूस कोण, वेळ कुठली, वार कुठला ते बघायचा आणि त्याप्रमाणे पडद्यावर बोलायचा. प्रत्येकाला आपापला मजकूर बदलायची मुभा होती. आमची मल्याळी सेक्रेटरी दर आठवड्याला बायबलमधली नवी ओळ घालायची. हैदराबादच्या सेल्समनला क्रिकेटचा स्कोअर हवा असायचा, आणि सामन्याच्या दिवशी काका तो दर अर्ध्या तासाने स्वतः हाताने बदलत बसायचे. सर्व्हर बंद पडला तर एक वेळ चालेल, पण स्कोअर शिळा दिसता कामा नये. कंपनीच्या अरब मालकांनी जन्मात कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. तरी त्यांच्यासाठी सलामापासून सुरू होणारा चार ओळींचा मजकूर तयार होता आणि तो दर ईदला ताजा केला जायचा. न जाणो, एखाद्या दिवशी आले तर?

ज्यांनी काहीच बदललं नाही त्यांना मुळातलं मराठी स्वागत मिळायचं. त्या पडद्याला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत. मशीनची तब्येतही मराठीतच कळवली जायची. रात्रीचा बॅकअप नीट झाला असेल तर ‘झोप छान लागली’. मशीनवर काम फार पडलं तर ‘धाप लागलीय’. आणि डिस्क भरत आली की ‘पोट भरत आलंय’, म्हणजे इंग्रजी अक्षरांत POT BHARAT ALAY. ही ओळ पहिल्यांदा झळकली त्या सकाळी गोदामाच्या सुपरवायझरचा फोन आला. तो पेशावरचा, अंगाने आडदांड, मनाने लोणी. अत्यंत हळू आवाजात, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून त्याने विचारलं, “भाईसाब, कंप्यूटर में भारत आ रहा है. मैं क्या करूँ?”

काकांनी त्याला सांगितलं की काही करू नकोस, चार जुन्या फाइली काढून टाक, परत जाईल.

मी शारजाच्या पलीकडे अजमानला राहायचे, काकाही अजमानलाच. त्यामुळे येण्याजाण्याची माझी कारलिफ्ट त्यांच्या गाडीत. सकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास, संध्याकाळी पावणेदोन. एवढा वेळ रोज एका माणसाबरोबर काढला की त्याच्याविषयी काही गैरसमज उरत नाहीत. माझं मत सांगायचं तर काका हा अत्यंत चांगला आणि अत्यंत वैताग आणणारा माणूस होता. गाडीत बसल्यावर ते मागे वळून विचारायचे, “बसलात?” बसलेलं त्यांना दिसत असायचं. तरी प्रत्येकाने ‘बसले’ म्हणेपर्यंत किल्ली फिरवायचे नाहीत. आमच्याबरोबर एक मल्याळी टायपिस्ट असायचा, चांगला झुबकेदार मिशांचा गडी. तो माझं ऐकून ऐकून ‘बसले’ म्हणायला शिकला. काका जगातल्या प्रत्येक माणसाचे उच्चार दुरुस्त करायचे. त्याचेही केले, ‘तू बसलो म्हणायचं’. दुसऱ्या दिवशी तो ‘तू बसलो’ म्हणाला. मग मीच म्हटलं, राहू द्या त्याचं ‘बसले’.

त्यांच्या अजमानच्या फ्लॅटमध्ये गेलं की आधी भिंतीवर टांगलेलं पायपुसणं दिसायचं. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘वेलकम’ विणलेलं होतं. वहिनींनी ते हौसेने आणून दारात टाकलं, त्याच संध्याकाळी काकांनी खिळा ठोकून भिंतीवर लावलं. स्वागतावर कुणी पाय पुसतं का, हा त्यांचा प्रश्न. मग पाय कशाला पुसायचे, हा वहिनींचा. उत्तर म्हणून काकांनी आपला एक जुना बनियन दारात घडी घालून ठेवला. वहिनी हे सगळ्यांसमोर हसत हसत सांगायच्या, पण त्यांच्या हसण्याला थोडी धार होती.

‘स्वागत’बरोबर काकांनी निरोपाचीही सोय केली होती. लिनक्समधून बाहेर पडायला ‘एक्झिट’ असं टाइप करावं लागतं. आपल्यात घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, म्हणून काकांच्या राज्यात त्याजागी ‘येतो’ टाइप केलं तरी भागायचं. हळूहळू ती ऑफिसची भाषाच झाली. फिलिपिनो रिसेप्शनिस्ट पाच वाजता पर्स उचलून “ओके, येतो” म्हणायची. आणि आमचे इजिप्शियन फायनान्स मॅनेजर तर काकांना थांबवून त्याचा अर्थ विचारून घेऊन गेले. निघताना ‘मी येतोय’ म्हणतात हे ऐकून ते खूश झाले. तुम्ही लोक फसवता छान, म्हणाले.

हे फायनान्स मॅनेजर म्हणजे एक संस्थान होतं. ढेरपोट, सूटबूट, अत्तराचा घमघमाट, आणि कंपनीतला एकही कागद त्यांच्या सहीशिवाय हलायचा नाही. एका सकाळी ते काकांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बिनसलं. पण ते गालातल्या गालात हसत होते. वाकून, कानगोष्ट केल्यासारखे म्हणाले, “हबीबी, बाशा. एस-एच. तुझा एच राहिलाय.”

काकांना कळेना. मलाही कळायला वेळ लागला. इजिप्तमध्ये एखाद्याला मानाने हाक मारायची तर ‘या बाशा’ म्हणतात. ‘या’ म्हणजे अहो, आणि बाशा म्हणजे आपल्याकडचे रावसाहेब म्हणा, सरकार म्हणा. आमचा कॉम्प्युटर रोज सकाळी त्यांना YA BASA म्हणत होता, आणि ते दीड वर्ष असं समजून चालले होते की मशीन आपल्याला रावसाहेब म्हणतंय, फक्त स्पेलिंग चुकतंय. त्यातून लिनक्समध्ये हुकूम ऐकणाऱ्या प्रोग्रॅमचं नावच बॅश आहे. काही चुकीचं टाइप केलं की पडद्यावर आधी ‘बॅश’ उमटतं आणि मग चूक सांगितली जाते. त्यामुळे ही सिस्टीम कुणा इजिप्शियनानेच बनवली असावी आणि चूक दाखवतानासुद्धा ती अदब सोडत नाही, अशी त्यांची खात्री पटलेली होती.

मला वाटलं, उच्चार दुरुस्त करणारे आमचे काका आता त्यांना दुरुस्त करणार. पण काकांनी मान डोलावली आणि त्यांच्यापुरता एक एच घातला. संध्याकाळी गाडीत मी छेडलं तर म्हणाले, “एका अक्षराने माणसाचा दिवस चांगला जात असेल तर आपल्या बापाचं काय गेलं?”

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग रफीकची भानगड झाली.

रफीक रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचा. गोदामात आलेला माल मोजून कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्याच्याकडे होतं. स्वभावाने अबोल. काकांचा त्याच्यावर जीव होता. दुपारी चारला सगळ्यांच्या पडद्यावर ‘चहा झाला का’ असं यायचं, ते रमजानच्या महिन्यात काका फक्त रोजेदारांसाठी न विसरता बंद करायचे. एका सकाळी ते रोजच्याप्रमाणे सर्व्हरची झाडलोट करत होते. कुणी कुठले हुकूम टाइप केले याची यादी लिनक्स ठेवतं. ती चाळताना रफीकच्या नावापुढे त्यांना एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसली. मला हाक मारून त्यांनी ती दाखवली.

kuthe basu

रफीक रोज सकाळी लॉगिन करायचा, मशीन म्हणायचं ‘या, बसा’, आणि तो विचारायचा, ‘कुठे बसू?’ मशीन उत्तर द्यायचं की ‘कुठे’ नावाचा हुकूम सापडत नाही. मग तो मुकाट्याने कामाला लागायचा. आठ महिने हे चाललं होतं.

मी हसले. मला खरंच हसू आलं. काका हसले नाहीत. ते तसेच खाली गोदामात गेले आणि मीही त्यांच्यामागून गेले. रफीकचा कॉम्प्युटर एका उंच लाकडी खोक्यावर होता. समोर ना खुर्ची, ना स्टूल, ना साधी विटांची चळत. गोदामात सुपरवायझर सोडून कुणी बसायचं नाही, बसलेला माणूस काम करत नाही, असा तिथला जुना नियम होता. वर ऑफिसात बसून काकांना याची कल्पनाच नव्हती. मलाही नव्हती, आणि मी त्या गोदामातून रोज जेवणाच्या सुट्टीत जात होते. आठ तास उभा असलेला माणूस मला कधी दिसला नाही, याची आजही लाज वाटते.

“मजेत लिवलेला, सर,” रफीक ओशाळून म्हणाला. “राग मानू नका.”

काकांनी त्याच दिवशी एका स्टुलासाठी अर्ज केला. तो गेला नव्या ऑपरेशन्स मॅनेजरांकडे. हे आमचेच, मुंबईचे, आडनावासकट मराठी, पण ऑफिसात मराठीचा एक शब्द बोलायचे नाहीत. गंमत बघा, पडद्यावरचं ‘या, बसा’ सगळ्या कंपनीत बरोबर वाचणारा वरिष्ठ माणूस तोच, आणि त्याचीच लाज वाटणारा माणूसही तोच. त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मी पाठवणीचे कागद घेऊन तिथेच उभी होते.

“मशीन बसा म्हणतं म्हणून स्टूल?” ते इंग्रजीत म्हणाले. “मग मशीनला गप्प करा. हे गावठी प्रकार आधी काढायचेच आहेत.”

आणि त्यांनी एक छापील कागद पुढे केला. त्यावर इंग्रजीत ताकीद होती : अधिकृत व्यक्तींनाच प्रवेश, इतरांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल. ‘स्वागत’ काढून हे लावायचं, शनिवारी सकाळपर्यंत. नाहीतर त्यांना दुसरा माणूस बघावा लागेल.

दुसरा माणूस म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला कळतं. नोकरी गेली की व्हिसा रद्द, व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात बिऱ्हाड गुंडाळायचं. बायकामुलांचा व्हिसा बापाच्या व्हिशाला लटकलेला. काकांची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. तेव्हा नोव्हेंबर चालू होता आणि बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. मधेच शाळा सोडून गावी गेली असती तर पोरीचं वर्ष बुडालं असतं.

वहिनींनी शुक्रवारी मला घरी बोलावलं. भिंतीवरच्या पायपुसण्याखाली बसून त्यांनी मला एवढंच सांगितलं की माझं त्यांच्यापुढे काही चालत नाही, तुझं ऐकतात, तूच काहीतरी बोल. आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, “आई, आय कॅन हिअर यू.” मी शनिवारी सकाळी गाडीत तोंड उघडलं. टायपिस्ट त्या दिवशी नव्हता.

“काका, काढून टाका ना. दोन शब्द तर आहेत.”

शारजाच्या सिग्नलला त्यांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, “मी लिहिलं तेव्हा ते नुसतं लिहिलेलं होतं. आता त्याने विचारलंय. विचारल्यावर काढून टाकायचं म्हणजे, पाहुणा पाट मागायला लागला की दार लावून घेण्यासारखं झालं.”

“आणि पोरीचं वर्ष?”

त्यांनी वरचा आरसा नीट केला. मला त्यांचा संताप आला होता. तत्त्व एका स्टुलाचं आणि किंमत पोरीच्या बारावीची, हा कुठला हिशोब? मी उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत बसले.

ऑफिसात पोचल्यावर त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली. चाकं असलेली, गरगर फिरणारी खुर्ची. ती डोक्यावर घेऊन जिना उतरले आणि रफीकसमोर ठेवली. वर येऊन कॉम्प्युटर फाइलींच्या कपाटावर चढवला आणि उभ्याने काम करू लागले. मॅनेजरांना दोन ओळींचं पत्र पाठवलं : मजकूर आता खरा आहे, त्यामुळे काढण्याची गरज वाटत नाही.

मॅनेजरांनी मुख्य पासवर्ड मागितला. काकांनी तो ताबडतोब कागदावर लिहून दिला. घर कंपनीचं आहे, किल्ली मागितली तर द्यायलाच हवी, एवढंच म्हणाले. बाहेरून एक तंत्रज्ञ आला, त्याने तासाभरात ‘स्वागत’ उखडलं आणि ताकीद चिकटवली. काका कपाटाशी उभे राहून बघत होते. त्यांचे पाय सुजलेले मला दिसत होते, कारण त्यांनी बुटांच्या नाड्या सोडलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फायनान्स मॅनेजरांच्या केबिनचं दार धाडकन उघडलं. दीड-दोन वर्षं ज्याने त्यांना रोज सरकार म्हटलं, त्या कॉम्प्युटरने आज कायदेशीर कारवाईची धमकी दिली होती. ते तरातरा काकांच्या टेबलाशी आले. माझी बाशाकी कुणी काढली, असा त्यांचा सवाल होता. मी काकांना डोळ्यांनी खुणावत होते की ऑपरेशन्स मॅनेजरांचं नाव सांगा आणि मोकळे व्हा. एवढा मोठा माणूस आपल्या बाजूने उभा राहिला तर नोकरी वाचत होती.

पण दुरुस्ती करायची खोड ती. काका म्हणाले, “सर, आधी एक सांगायचं राहिलंय. ते बाशा नव्हतंच कधी.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. आमच्या भाषेत ‘या’ म्हणजे या आणि ‘बसा’ म्हणजे बसा. तुमच्यात ‘तफद्दल’ म्हणता ना, ते. एच मी तुमच्यासाठी वरून घातला.

फायनान्स मॅनेजरांनी काकांकडे पाहिलं. मग त्यांची नजर कपाटावरच्या कॉम्प्युटरवर गेली, तिथून बुटांच्या सुटलेल्या नाड्यांवर.

“मग तू का उभा आहेस?”

“खुर्ची खाली आहे, सर.”

ते खाली गेले. मागोमाग आम्ही. टाइल्सच्या खोक्यांच्या डोंगरात, त्या गरगर फिरणाऱ्या खुर्चीच्या अगदी कडेवर, पडू की उठू अशा अवस्थेत रफीक बसलेला होता. सुटातल्या साहेबांना बघून तो उभा राहायला गेला, खुर्ची फिरली आणि तो पाठमोरा झाला. फायनान्स मॅनेजर हसायला लागले. पोट धरून हसले, डोळे पुसले, मग रफीकच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं आणि काकांकडून पूर्ण गोष्ट ऐकून घेतली. ‘कुठे बसू’चा अर्थ कळला तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

वर जाऊन त्यांनी एका स्टुलाच्या खरेदीवर सही केली. नियमात बसावं म्हणून कारणाच्या रकान्यात लिहिलं : कॉम्प्युटरचा सुटा भाग, याशिवाय यंत्रणा अपुरी. चाळीस दिरहमचं स्टूल, म्हणजे तेव्हाचे पाचशे रुपये. त्याच्या पायावर पांढऱ्या रंगात कंपनीचा नंबर घातला गेला, जसा प्रत्येक कॉम्प्युटरवर असायचा, त्यामुळे ते हलवायची कुणाची छाती झाली नाही. काकांची खुर्ची वर आली. ‘स्वागत’ परत लावू का, असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही. मी म्हटलं तर म्हणाले, आता कशाला लिहायचं, स्टूल आहे ना तिथे.

पण ऑपरेशन्स मॅनेजर विसरणाऱ्यांतले नव्हते. डिसेंबरमध्ये काकांना काढण्याचा कागद तयार झाला आणि शेवटच्या सहीसाठी फायनान्सकडे गेला. काकांनी घरी काय सांगितलं मला माहीत नाही. गाडीत ते नेहमीसारखे ‘बसलात?’ विचारायचे आणि मी नेहमीपेक्षा मोठ्याने ‘बसले’ म्हणायचे.

कागद हलेना. जानेवारीत मॅनेजरांनी विचारणा केली, उत्तर आलं, ‘इन्शाल्ला’. फेब्रुवारीत दोनदा केली, उत्तर आलं, ‘बुक्रा’. बुक्रा म्हणजे उद्या, पण कुठला उद्या ते त्यात सांगितलेलं नसतं. मशीनने ज्यांना दोन वर्षं बसा, बसा म्हटलं, ते साहेब अखेर बसले होते, फाइल दाबून. मला हे कळलं ते त्यांच्या एका सवयीमुळे. माझ्या टेबलावरून जाताना ते सहज थांबायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, “द गर्ल. लास्ट पेपर कधी?” मी तारीख सांगायचे. आठवड्याने पुन्हा विचारायचे. बायॉलॉजीचा पेपर शेवटचा होता. तो झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सही केली.

वहिनींना मी हे नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी ओल्या नारळाच्या करंज्या केल्या आणि एक डबा भरून माझ्याकडे दिला, इजिप्तच्या साहेबांना दे म्हणून.

काकांचा शेवटचा दिवस एप्रिलमध्ये होता. त्यांनी रफीकचा निरोप घेतला. रफीक उठायला लागला, तर त्याला उठू दिलं नाही. मग पँट्रीतल्या मशीनसमोर बसून ते शेवटचं एकदा आत शिरले. पडद्यावर कारवाईची ताकीद आली, ती त्यांनी शांतपणे वाचली. तंत्रज्ञाने सगळं उखडलं होतं, पण निरोपाचा शब्द त्याच्या लक्षात आला नव्हता. काकांनी ‘येतो’ टाइप केलं आणि पडदा काळा झाला.

गाडीपाशी फायनान्स मॅनेजर उभे होते. उन्हात, सुटात, कपाळावर घाम. त्यांनी काकांचे दोन्ही गाल चुंबले, खांदे घट्ट धरले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं नीट करणारा माणूस, त्याला स्वतःचं एक वाक्य जुळेना. शेवटी एकच शब्द बाहेर पडला.

“येतो.”

फायनान्स मॅनेजरांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि मान लववली.

“या,” ते म्हणाले. आणि क्षणभर थांबून, “बाशा.”

काका गाडीत बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले. मी वाट बघत होते की आता ते उच्चाराबद्दल काहीतरी बोलतील.

“बरोबर म्हणाला,” काका म्हणाले, आणि मग नेहमीसारखं मागे वळून विचारलं, “बसलात?”